परवडणारा प्रोजेक्टर: उजेडाचा हिशेब आणि बाकीचे वाद

प्रोजेक्टर म्हणजे ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये छताला टांगलेली किंवा मंगल कार्यालयात भाड्याने आणायची वस्तू, हे चित्र आता उरलेले नाही. पाच हजारांपासून साठ-सत्तर हजारांपर्यंत कुठल्याही किमतीला प्रोजेक्टर मिळतो. घरात मोठ्या पडद्यावर सिनेमा बघू पाहणारे कुटुंब, दहावी-बारावीचे क्लास चालवणारे सर, लग्नाचे अल्बम दाखवणारा फोटोग्राफर, मॅचच्या संध्याकाळी चार गिऱ्हाइके जास्त यावीत म्हणून धडपडणारा कॅफेवाला, बचत गटांचे प्रशिक्षण घेणारी संस्था असे सगळे आज त्याच्या चौकशीत असतात. अडचण निवडीची आहे. सहा हजारांच्या खोक्यावर नऊ हजार ल्युमेन छापलेले असतात आणि चाळीस हजारांच्या खोक्यावर तीन हजार तीनशे. दोन्ही आकडे एकाच दुकानात शेजारी शेजारी मांडलेले दिसले, तर साध्या माणसाने कशावर विश्वास ठेवायचा? जाणकारांतही याबाबत एकमत नाही. त्यांचे मतभेद नेमके कुठे आहेत आणि त्यातले काय निकालात निघाले आहे, हे इथे पाहू.

पार्श्वभूमी

अंधारात भिंतीवर चित्र पाहण्याची आपली हौस जुनी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ करीत होते. पुढे जत्रांतले तंबू आले, गणेशोत्सवात गल्लीच्या मधोमध पांढरे कापड बांधून दोन्ही बाजूंनी बघितलेले सिनेमे आले, कॉलेजांत पारदर्शक कागदावर लिहायचे ओव्हरहेड प्रोजेक्टर आले.

आजच्या यंत्राचा जन्म त्यानंतरचा आहे. १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म, हलत्या आरशांची चिप तयार केली. डीएलपी तंत्र तिच्यावर उभे आहे, आणि त्या चिपचे प्रोजेक्टर १९९६ मध्ये बाजारात आले. दरम्यान जपानी कंपन्यांनी एलसीडीचा मार्ग धरला होता. एप्सनचा पहिला एलसीडी प्रोजेक्टर १९८९ चा. पुढची बरीच वर्षे बाजार या दोन घराण्यांचा होता आणि गिऱ्हाईक मुख्यतः ऑफिसे आणि शाळा-कॉलेजे.

मग शक्तिशाली एलईडी स्वस्त झाले आणि मोबाइलच्या आकाराचे एलसीडी पडदेही स्वस्त झाले. दोन्ही एकत्र आले आणि मिनी प्रोजेक्टर नावाचा तिसरा वर्ग तयार झाला. तो जुन्या मानकांच्या शिस्तीत वाढलेला नाही. बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो.

ल्युमेनचा वाद

प्रोजेक्टर किती उजेड देतो हे मोजण्याची एक मान्य रीत आहे. पूर्ण पांढरे चित्र पडद्यावर टाकायचे, त्याचे नऊ समान भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यावर लक्समीटरने उजेड मोजायचा, नऊ आकड्यांची सरासरी काढायची आणि तिला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचे. अमेरिकेच्या एएनएसआय संस्थेने १९९२ मध्ये ही रीत ठरवून दिली. आज आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ २१११८ हे मानक चालते. त्यात एक सवलतही आहे: खोक्यावरच्या आकड्यापेक्षा एखादे यंत्र कमी उजेड देऊ शकते, मात्र ८० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये.

मिनी प्रोजेक्टरांच्या खोक्यांवर बहुतेक वेळा नुसते ‘ल्युमेन’ किंवा ‘एलईडी ल्युमेन’ असे लिहिलेले असते. बऱ्याचदा तो आतल्या दिव्याने सोडलेला उजेड असतो. तो भिंगातून बाहेर पडेपर्यंत त्याचा मोठा भाग वाटेतच जिरतो. काही आकड्यांना तर कुठल्याच मोजमापाचा आधार नसतो. अमेरिकेत एप्सनने अशा फुगवलेल्या आकड्यांवरून अनेक प्रतिस्पर्धी ब्रँडांना न्यायालयात खेचले आहे. चिनी उद्योग संघटनेने ‘सीव्हीआयए ल्युमेन’ हे स्वतःचे मानक आणले आणि तिथल्या मोठ्या कंपन्या आता त्या किंवा आयएसओच्या आकड्यात बोलतात.

खऱ्या ल्युमेनमध्येही एक वाद आहे, आणि तो दोन जुन्या घराण्यांमधला आहे. एक चिप असलेल्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये रंगीत काचांचे चक्र फिरते. त्यात पांढरा भाग ठेवला की पांढरे चित्र जास्त उजळ दिसते, रंग मात्र तेवढे उजळत नाहीत. एलसीडीच्या बाजूचे लोक म्हणतात, पांढरा उजेड आणि रंगांचा उजेड असे दोन आकडे छापा. डीएलपीवाल्यांचे उत्तर असे, की ऑफिसात, क्लासमध्ये पडद्यावर मुख्यतः पांढऱ्यावर काळी अक्षरे असतात. तिथे हा जादा पांढरा उजेड उपयोगाचाच आहे. मला दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर वाटतात. फोटोग्राफरने पहिली बाजू ऐकावी, हिशेब शिकवणाऱ्या सरांनी दुसरी.

आता ग्राहकाच्या कामाचा हिशेब. शंभर इंची चित्र म्हणजे सुमारे २.२१ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. चित्रपटगृहात पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट तेज असावे असे डिजिटल सिनेमाचे प्रमाण आहे. पूर्ण अंधार असेल तर शंभर इंचांवर ते मिळवायला साधारण सव्वाचारशे खरे ल्युमेन पुरतात. म्हणजे रात्री दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्या घराला प्रचंड उजेडाची गरजच नाही.

ट्यूब लावली की गणित पार बदलते. समजा, क्लासच्या भिंतीवर ट्यूबचा उजेड १५० लक्स पडतो. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त उजेड टाकतो. त्यामुळे चित्रातला ‘काळा’ भाग म्हणजे ट्यूबने उजळलेली भिंत, १५० लक्सची. ५०० ल्युमेनचा प्रोजेक्टर शंभर इंचांवर सुमारे १८० लक्स टाकतो, तेव्हा पांढरा भाग ३३० च्या आसपास जातो. पांढरा काळ्याच्या जेमतेम सव्वादोन पट. अशा भिंतीवर आलेखातल्या बारीक रेघा शेवटच्या बाकावरच्या मुलीला दिसत नाहीत आणि ती बिचारी शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. तिथेच ३,००० खरे ल्युमेन असतील तर पांढरा १,२०० लक्सच्या वर जातो, काळ्याच्या आठ पट, आणि वाचता येते. उजेडाच्या खोलीत काम असेल तर तीन हजार खरे ल्युमेन हा किमान आकडा धरावा, असे म्हणणारे जाणकार बरोबर आहेत.

एक बारकावा दुकानात कोणी सांगत नाही. ऑफिससाठीचे अनेक स्वस्त प्रोजेक्टर ४:३ आकाराचे असतात. त्यांवर १६:९ चा सिनेमा किंवा लॅपटॉपचा पडदा लावला की वरची-खालची पट्टी वाया जाते आणि पाव उजेड तिथेच जातो. ३,३०० चे २,५०० च्या खाली येतात.

आत काय असते

स्वस्त मिनी प्रोजेक्टर उघडला तर एका टोकाला पांढरा एलईडी दिसतो, त्यापुढे उजेड सरळ करणारे चपटे प्लास्टिकचे भिंग, मग मोबाइलच्या पडद्यासारखा एकच एलसीडी, पुन्हा चपटे भिंग आणि शेवटी बाहेरचे भिंग. रचना साधी म्हणून स्वस्त. पण एलईडी आणि एलसीडी थंड ठेवण्यासाठी पंख्याची हवा या पडद्यावरूनच फिरते. सोबत धूळ येते, ती एलसीडीवर बसते आणि काही महिन्यांनी चित्रात राखाडी ठिपके दिसू लागतात. नव्या यंत्रांत हा भाग बंदिस्त केलेला असतो. त्याने धूळ थांबते, उष्णता मात्र आत साठते. बाहेरचे भिंग साधे असेल तर मध्यभाग स्पष्ट केला की कोपरे धूसर होतात.

तीन एलसीडींच्या यंत्रात लाल, हिरवा आणि निळा यांसाठी वेगळे पडदे असतात, त्यामुळे रंग भरदार येतात. त्यांना हवेची जाळी असते आणि ती दर काही महिन्यांनी साफ करावी लागते. रस्त्यालगतच्या दुकानात आणखी लवकर.

एक-चिप डीएलपीत आरशांचा भाग सहसा बंदिस्त असतो, काळ्या-पांढऱ्या अक्षरांना धार चांगली मिळते. मात्र काही डोळ्यांना भरभर नजर फिरवताना रंगांच्या रेषा चमकून गेल्यासारख्या दिसतात. किती जणांना हा त्रास होतो यावर एकमत नाही, आणि माझ्या मते त्याची गरजही नाही. आपल्याला होतो की नाही, हे दुकानात दहा मिनिटे बसले की कळते.

पिक्सेलचे आकडे आणि आपली अक्षरे

‘फोर-के सपोर्ट’ या शब्दांचा अर्थ एवढाच की यंत्र फोर-केचा सिग्नल घेते. दाखवते आपल्या पडद्याइतकेच. तो पडदा अनेकदा १२८० × ७२० चा असतो आणि स्वस्त ऑफिस प्रोजेक्टरमध्ये ८०० × ६०० चाही. त्या ८०० × ६०० वर रुंद चित्र लावले तर प्रत्यक्षात ८०० × ४५० पिक्सेल वापरले जातात, म्हणजे ३ लाख ६० हजार. फुल एचडीत ते २० लाख ७३ हजार असतात. माहितीपत्रकात ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ या ओळीपुढे लिहिलेला आकडाच खरा.

सिनेमाला ७२० चालून जाते असे अनेक जण म्हणतात आणि लांबून पाहिले तर ते खोटे नाही. मजकुराचे तसे नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर अनुस्वार, रफार, मात्रा आणि वेलांटी, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. त्याच आकाराच्या रोमन अक्षरांपेक्षा तिला उभ्या दिशेने जास्त पिक्सेल लागतात. पिक्सेल कमी पडले की ‘मंत्र’मधला अनुस्वार शिरोरेषेत बुडतो, ‘कर्म’चा रफार नुसता ठिपका होतो. मराठी माध्यमाच्या क्लासने ८०० × ६०० ची बचत करू नये, हे माझे ठाम मत आहे.

दिव्याचे आयुष्य

पारंपरिक पाऱ्याचा दिवा काही हजार तास चालतो आणि तो बदलण्याचा खर्च काही हजार रुपये येतो. एलईडी आणि लेझरवर वीस हजार तास लिहिलेले असतात. हा आकडा सहसा उजेड निम्मा होईपर्यंतचा असतो, दिवा विझेपर्यंतचा नव्हे.

पण हे आयुष्य प्रत्येकाला सारखेच महत्त्वाचे नाही. आठवड्याला सहा तास पाहणाऱ्या घराचे वर्षाला तीनशे-सव्वातीनशे तास होतात. पाच हजार तासांचा दिवा तिथे पंधरा वर्षे संपणार नाही, त्याआधी यंत्रच जुने होईल. रोज चार तास, वर्षाचे तीनशे दिवस चालणाऱ्या क्लासचे बाराशे तास होतात. तिथे तोच दिवा चार वर्षांत संपतो, आणि त्याआधीच मंदावलेला असतो. घराने तासांच्या आकड्यावर भुलू नये, धंद्याने तो जरूर मोजावा. वीज वारंवार जाते तिथे आणखी एक गोष्ट. पाऱ्याचा दिवा बंद केल्यावर पंखा थोडा वेळ फिरून त्याला थंड करतो. अचानक वीज गेली की ते होत नाही. छोटा यूपीएस हा तिथे यंत्राच्या खर्चाचाच भाग समजावा.

ऑफिसातून निघालेला जुना प्रोजेक्टर हाही परवडणारा पर्याय आहे. मेनूत दिव्याचे तास दिसतात, पण हा मोजणीचा आकडा पुन्हा शून्यावर आणता येतो. तेव्हा तासांपेक्षा समोरच्या चित्राच्या उजेडावर भरवसा ठेवावा.

खोली आणि भिंत

चित्राच्या रुंदीच्या किती पट अंतरावर यंत्र ठेवावे लागते, त्याला थ्रो रेशो म्हणतात. शंभर इंची चित्र सव्वासात फूट रुंद असते. रेशो १.२ असेल तर यंत्र पावणेनऊ फुटांवर लागते, १.५ असेल तर जवळजवळ अकरा फुटांवर. दहा बाय बाराच्या खोलीत सोफा, कपाट आणि दार सांभाळून अकरा फूट काढणे अवघड. हा आकडा न पाहता घेतलेला प्रोजेक्टर मग टीपॉयवर तिरका ठेवला जातो आणि तिरपे चित्र कीस्टोनने सरळ केले जाते. डिजिटल कीस्टोन पडद्यावरचे काही पिक्सेल बंद करून चित्र सरळ दाखवतो, म्हणजे धार आणि उजेड दोन्ही घटतात. आपोआप कीस्टोन होणे ही सोय आहे, पण समोरासमोर बसवलेल्या यंत्राला तिची गरज पडत नाही.

पडद्याबाबत दोन मते आहेत. एक म्हणते, सपाट पुट्टी केलेली, मॅट पांढरा रंग दिलेली भिंत पुरेशी. दुसरे म्हणते, पडद्याविना चांगले यंत्रही वाया. कमी बजेटमध्ये मी पहिल्याच्या बाजूने आहे, फक्त भिंतीवर चकाकणारा ऑइल पेंट नको. जादा उजळ दिसणारे पडदे उजेड समोर जास्त फेकतात आणि बाजूला कमी; क्लासमध्ये कडेला बसणाऱ्या मुलांचे त्यात नुकसान होते. खोलीतला उजेड गिळणारे खास पडदे चांगले असतात, पण त्यांची किंमत अनेकदा स्वस्त प्रोजेक्टरपेक्षा जास्त असते.

टीव्ही घ्यावा की प्रोजेक्टर

सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे आणि तो दरवर्षी बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्ही, मॉनिटर आणि प्रोजेक्टर यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करातला लाभ दोघांनाही मिळाला, पण मोठ्या टीव्हीच्या किमती आधीपासूनच घसरत आहेत. टीव्हीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे: दिवसा स्पष्ट दिसतो, काळा रंग खरा काळा असतो, आवाज त्यातच असतो, पंख्याची घरघर नसते. प्रोजेक्टरच्या बाजूचा मुद्दा क्षेत्रफळाचा: शंभर इंची चित्र ५५ इंची टीव्हीच्या तिप्पटीहून मोठे असते आणि तेवढा टीव्ही अजून सामान्य बजेटात आलेला नाही. शिवाय यंत्र पिशवीत घालून ग्रामसभेला, शेतकरी मेळाव्याला नेता येते.

घरात एकच पडदा असणार असेल आणि बातम्या-मालिका दिवसभर चालणार असतील, तर टीव्हीच घ्यावा. रात्रीच्या सिनेमासाठी, आणि तीस-चाळीस जण बसणाऱ्या जागेसाठी प्रोजेक्टर. शाळांमध्ये आता स्पर्शाने चालणारे मोठे पॅनेल येत आहेत. ते टिकाऊ आहेत, पण ६५ इंची पॅनेलवरचे बारीक अक्षर लांब वर्गाच्या शेवटच्या ओळीतून वाचता येत नाही, ही तक्रार रास्त आहे.

आतले अँड्रॉइड आणि परवाने

अनेक मिनी प्रोजेक्टरांत अँड्रॉइड असते, पण सगळ्यांत ते गूगलने प्रमाणित केलेले नसते. त्यावर काही ओटीटी अ‍ॅप चालत नाहीत किंवा चित्र कमी दर्जाचे येते. त्याहून गंभीर बाब सुरक्षिततेची. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या जाळ्याबद्दल इशारा दिला. त्यात टीव्ही बॉक्सबरोबर डिजिटल प्रोजेक्टरांचाही उल्लेख होता: काही उपकरणांत कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर आलेले असते. अनोळखी ब्रँडचे यंत्र घेतलेच तर ते वायफायला न जोडता नामांकित कंपनीची वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावावी. त्यासाठी एचडीएमआयची जागा आहे ना, एवढे घेण्याआधी पाहावे.

धंद्यासाठी आणखी एक मुद्दा. घरचे ओटीटी सदस्यत्व वैयक्तिक वापरासाठी असते. कॅफेत सामना किंवा सोसायटीच्या आवारात सिनेमा दाखवायचा तर हक्कधारकाची परवानगी लागते. शिक्षणासाठी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मर्यादित सवलत आहे, पण ती शिक्षणसंस्थेतले विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोकांपुरती.

जे अजून सुटलेले नाही

खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा कुठल्या पद्धतीने मोजला, हे ग्राहकाला सहज कळेल अशी खूण अजून सर्वत्र रुळलेली नाही. पडद्यावरून परतून आलेला उजेड डोळ्यांना टीव्हीपेक्षा सौम्य असतो, असे विक्रेते सांगतात. पण डोळ्यांचा थकवा अंतर, खोलीतला अंधार आणि सलग बघण्याचे तास यांवरही अवलंबून असतो, त्यामुळे एवढ्या एका कारणावरून प्रोजेक्टर घेणे योग्य नाही. मुलांना चालू भिंगात डोकावू देऊ नये, याबद्दल मात्र वाद नाही. दुरुस्तीचा प्रश्नही तसाच लोंबकळत आहे. मोठ्या ब्रँडांची सेवा केंद्रे शहरांत आहेत, तालुक्याच्या गावी मिनी प्रोजेक्टर बिघडला तर तो बहुतेक वेळा कोपऱ्यात पडून राहतो.

आजच्या घडीला माझा कौल असा. अंधाऱ्या खोलीतल्या सिनेमासाठी ४०० ते ५०० खरे ल्युमेन आणि फुल एचडी नेटिव्ह रिझोल्यूशन असलेले एलईडी यंत्र पुरे. उजेडातल्या क्लासला किंवा दुकानाला ३,००० च्या वरचे, किमान १२८० × ८०० चे ऑफिस प्रोजेक्टर हवे. या दोन्हींच्या मधले, मोठे आकडे छापलेले खोके कुणालाच घ्यायला सांगावेसे वाटत नाही. दुकानात जाताना आपल्या कामाचे एक मराठी पान पेन ड्राइव्हवर न्या, दुकानदाराला ट्यूब चालू ठेवायला सांगा, मागच्या भिंतीपाशी उभे राहून ते वाचून पाहा, आणि बिलावर आयएसओ किंवा एएनएसआय ल्युमेनचा आकडा लिहून घ्या. तो लिहून द्यायला दुकानदार तयार नसेल तर दुसरे दुकान गाठा.